दहा किलोंची मर्यादा

गंजाडच्या पूर्वेला जी टेकडी आहे, तिच्या माथ्यावर गाडी जात नाही. पायवाटेने पन्नास मिनिटं लागतात. माझ्या मित्राला सव्वा तास लागायचा, कारण त्याचा उजवा गुडघा कॉलेजात असताना कबड्डीत गेला होता. तो तलासरी तालुक्यात वेवजीकडे शिक्षक होता, पण लहानपण त्या टेकडीखालच्या पाड्यावर गेलेलं. वडिलांचं भाताचं शेत अजून तिथेच होतं. मी २०१४ साली मुंबईच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून डहाणूला आलो. आमची ओळख एका चुकीवरून झाली. बातमीत मी त्याच्या शाळेची पटसंख्या चुकीची दिली होती आणि तो हजेरीपटाची झेरॉक्स घेऊन माझ्या दारात उभा राहिला होता.

पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघं कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकलो. मी कुतूहल म्हणून गेलो होतो. त्याला एकच गोष्ट करायची होती: आपल्या टेकडीवरून उडून वडिलांच्या शेतात उतरायचं. बाकीचे शिकाऊ फोटो काढत तेव्हा तो शिकवणाऱ्याला विचारायचा, पश्चिमेला तोंड असलेल्या बुटक्या टेकडीवर समुद्राचा वारा दुपारी कधी लागतो. शिकवणारा म्हणाला, "तुझी टेकडी मी कुठे बघितलीय? तिथल्या गवताला विचार." त्याने ते शब्दशः घेतलं. त्या हिवाळ्यात दर रविवारी तो माथ्यावर जाऊन बसला आणि गवत कधी वाकतं, कधी सरळ होतं, ते वहीत लिहीत गेला. वारा एकच्या सुमाराला सुरू व्हायचा. चारनंतर त्याचा भरवसा नसायचा.

कामशेतच्या सरावातल्या सामानाचं ओझं वीस किलोंच्या आसपास होतं. तिथून आल्यावर त्याचा गुडघा दहा दिवस सुजलेला होता. डहाणूच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "चढावर पाठीवर दहा किलो. त्याच्या वर काही नको. पुन्हा धक्का बसला तर जिनेसुद्धा मोजून चढायला लागतील."

म्हणजे त्याला उडायचं असेल तर हलकं सामान हाच मार्ग होता. निवड करण्याचं काम मी घेतलं. कोणी सांगितलं नव्हतं. आकड्यांचे तक्ते करणं हे माझं रोजचंच काम होतं, आणि त्याचा माझ्यावर विश्वास होता.

२०१६ च्या पावसाळ्यात आम्ही दर शनिवारी चारोटीला भेटायचो. तो तलासरीहून यायचा, मी डहाणूहून. महामार्गालगतच्या एका हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल धरून मी लॅपटॉप उघडायचो. डोक्यावरचा कापडी पंख, ज्याला उडणारे विंग म्हणतात, ज्यात बसायचं तो हार्नेस, विंग बिघडली तर उघडायची राखीव छत्री, हेल्मेट, हे सगळं भरायची पिशवी, आणि पाणी. प्रत्येकापुढे मी ग्रॅम लिहीत होतो. हलक्या विंगचं कापड पातळ असतं, उन्हात लवकर जुनं होतं, काट्यात लवकर फाटतं. दोऱ्या बारीक असतात आणि गवतात अडकल्या की सोडवायला वेळ लागतो. हे सगळं मी त्याला वाचून दाखवायचो आणि तो दोन प्रश्न विचारायचा. "उतरताना कसं आहे?" आणि "वजन किती?"

विंगच्या दोन मापांवर येऊन आम्ही अडलो. लहान माप नव्वद किलोंपर्यंतच्या भारासाठी होतं, मधलं ऐंशीपासून एकशे पाचपर्यंत. हा भार म्हणजे माणूस, कपडे, बूट आणि पाठीवरचं सगळं मिळून. लहान विंग मधल्यापेक्षा तीनशे ग्रॅमने हलकी होती. सगळं त्याच्या वजनावर ठरणार होतं.

"शहात्तर," तो म्हणाला.

"कधी केलं होतंस?"

"नोकरीला लागताना. सर्टिफिकेट आहे."

"त्याला किती वर्षं झाली?"

"अरे, पँट तीच आहे!"

ती पँट बघून मला ते पटलं नाही. वजन करायचं ठरलं. डहाणू स्टेशनवरचं वजनाचं यंत्र बंद होतं, आणि पाठीवरच्या सामानासकट उभं राहता येईल असा काटा आम्हाला हवा होता. तसा काटा चिकूच्या गोदामात असतो. ओळखीच्या एका गोदामात आम्ही गेलो. तिथल्या म्हाताऱ्या मापाड्याचं नाव बाजारात चांगलं होतं. बागायतदार आपला माल दुसऱ्या गोदामातून उचलून त्याच्या काट्यावर आणत.

पिशवीत आम्ही तांदळाची पाकिटं घालून बरोबर दहा किलो केले होते. मित्र बूट घालून, पिशवी पाठीवर घेऊन काट्याच्या फळीवर उभा राहिला. क्रेट भरणाऱ्या बायका काम थांबवून बघायला लागल्या.

"गुरुजी, एक नंबर माल दिसतोय," एकजण म्हणाली.

"एक नंबर कसला? पिकलाय. मुंबईपर्यंत टिकायचा नाय."

"हळू उतरवा गं, डाग लागेल!"

मित्र हसला आणि फळी हलली. मापाडी ओरडला, "गुरुजी, हलू नको ने! माल हलतो काय?" त्याने दांडीवरचं वजन सरकवलं, डोळे बारीक केले आणि नेहमीच्या आवाजात पुकारलं, "अठ्ठ्याऐंशी!"

मी समोर उभा होतो. दांडीवरचा आकडा फक्त मापाड्याला दिसतो. तो पुकारतो आणि बाकीचे लिहितात. गोदामात असंच चालतं. मीही लिहिलं. शहात्तर, कपडे-बूट दोन, पिशवी दहा: अठ्ठ्याऐंशी. आमच्या धंद्यात शिकवतात की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून एकच आकडा आला तर तो छापायला हरकत नाही. मला नोकरीचं सर्टिफिकेट आणि चिकूचा काटा यांच्याकडून एकच आकडा मिळाला होता. पँटविषयीची शंका मी सोडून दिली. लहान विंग ठरली.

हार्नेसचा प्रश्न उरला. एकाला पाठीखाली हवेची गादी होती. उडताना ती आपोआप भरते आणि आपटलात तर मणक्याचा मार झेलते. त्याचं वजन अडीच किलो. दुसरा नुसत्या पट्ट्यांचा, सहाशे ग्रॅम, गादी नसलेला. तक्त्यात बेरीज अशी होती: विंग तीन किलो चारशे, राखीव छत्री एक किलो दोनशे, हेल्मेट चारशे, पिशवी सहाशे, पाणी दोन लिटर. पट्ट्यांचा हार्नेस धरला तर आठ किलो दोनशे. गादीचा धरला तर दहा किलो शंभर.

"गादीवाला बसत नाही," मी त्याला सांगितलं.

"कितीने?"

"मर्यादेबाहेर जातो."

त्याने कितीने हे पुन्हा विचारलं नाही. शंभर ग्रॅमने, हे मी सांगितलं नाही. तक्त्याचं तोंड माझ्याकडे होतं. आठ किलो दोनशे हा आकडा मला आवडला होता. तोपर्यंत मी पुरवणीसाठी लेख लिहायला घेतला होता आणि त्यात हलकं सामान कसं निवडावं हे सांगताना एक अंकी बेरीज छान दिसत होती. लेख आला. चौकटीत तक्ता होता. पुण्याहून, नाशिकहून फोन आले. लोकांनी तो कापून ठेवल्याचं सांगितलं.

डिसेंबरात सामान आलं. त्याने टेकडीवरून पहिलं उड्डाण केलं तेव्हा मी खाली शेतात वाऱ्याची दिशा दाखवायला काठीला फडकं बांधून उभा होतो. भात कापून झालेलं होतं. तो माझ्या डोक्यावरून अपेक्षेपेक्षा बराच वेगात गेला, वळला आणि पळत उतरला. पाड्यावरची माणसं जमली. त्याच्या चुलत्याने विचारलं, "वरून आपली बैलं दिसतात काय?"

"दिसतात."

"मग सकाळपासून एक सापडत नाय, तो बघून ये परत."

सामान भरताना मित्र एवढंच म्हणाला, "विंग एकदम धावते रे. मस्त आहे." मी ते टिपून घेतलं. ज्या विंगवर तिच्या मापापेक्षा जास्त भार असतो ती वेगात धावते आणि वेगात खाली येते, हे मी वाचलेलं होतं. माझ्या तक्त्याप्रमाणे भार मापात होता. त्यामुळे तो वेग मी विंगचा गुण म्हणून नोंदवला.

फेब्रुवारीपर्यंत सहा उड्डाणं झाली. सातव्या वेळी आम्हाला उशीर झाला. तो माथ्यावर पोचला तेव्हा चार वाजून गेले होते. त्याने उडी घेतली तेव्हा वारा होता. शेतावर येईपर्यंत माझ्या काठीवरचं फडकं सरळ खाली लोंबत होतं. समोरून वारा नसला की उतरताना वेग कापला जात नाही. तो आला तो कुणीतरी ढकलल्यासारखा. दोन पावलं पळाला, तिसऱ्या पावलाला उजवा गुडघा वळला आणि तो बसल्या स्थितीत बांधावर आपटला. आवाज मी ऐकला. विंग त्याच्या मागे अलगद खाली आली. तिला काही झालं नव्हतं.

त्याला उठता येत नव्हतं. रस्ता तिथून अर्ध्या तासावर होता. पाड्यावरून एक फळी, दोन घोंगड्या आणि चार माणसं आली. त्यांनी त्याला फळीवर बांधलं आणि निघाले. कुठेही खाली ठेवलं नाही. खांदा बदलायचा तर चालता चालता बदलला. मी विंगची पिशवी घेऊन मागे होतो. रस्त्याला लागल्यावर जीप येईपर्यंत त्यातला एकजण माझ्याजवळ येऊन घाम पुसत उभा राहिला.

"ही काय पिशवी? जड असते काय?"

"आठ किलो."

"मग गुरुजी स्वतः का नेत होता? पाय खराब त्याचा. आमाला सांगितलं असतं तर वर ठेवून आलो असतो. आमी रोजच जातो वर, लाकडाला."

मी म्हणालो की उडणारा माणूस आपलं सामान आपण नेतो, तशी पद्धत आहे.

"कोणाची?" त्याने विचारलं. उत्तराची वाट न बघता तो जीपकडे गेला.

वापीच्या इस्पितळात निदान झालं: कमरेच्या एका मणक्याला भेग, गुडघ्याचा उरलेला अस्थिबंध तुटलेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी त्याच्या खाटेजवळ बसलो होतो. पायाशी केसपेपर लावलेला होता. वाचण्यासारखं काही दिसलं की वाचायचं, ही सवय. वजनाच्या रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिलं होतं.

मी नर्सला विचारलं, वजन कधी केलं. "आज सकाळी, खाटेच्या काट्यावर," ती म्हणाली. मी बाहेर जाऊन वहीत बेरीज केली. चौऱ्याऐंशी, कपडे-बूट दोन, सामान आठ किलो दोनशे. चौऱ्याण्णव किलो दोनशे. नव्वदच्या विंगखाली तो सात वेळा उडाला होता.

दुसऱ्या दिवशी मी चिकूच्या गोदामात गेलो. मापाडी ओळखून हसला. मी त्याला विचारलं, त्या दिवशी दांडीवर किती होते.

"दांडीवर? शहाण्णव असेल."

"तुम्ही अठ्ठ्याऐंशी सांगितलं."

"कडता काढून सांगितलं ने. शंभरच्या आतबाहेर आलं म्हणजे चार क्रेट. चार क्रेटचे आठ जातात. क्रेट, पानं, देठ, सडका माल, सगळं धरून."

"पण तो माणूस होता."

"माणूस होता, मला काय दिसत नाय? पण मी काट्याकडे बघतो, माणसाकडे नाय बघत. चाळीस वर्षं झाली. दांडीवरचं कधी बोललोच नाय मी. बोललो तर व्यापारी मारेल मला." मग त्याचा चेहरा बदलला. "काय झालं? गुरुजींला काय झालं?"

मी सांगितलं. तो क्रेटवर बसला. "तुमी विचारलं नाय," तो म्हणाला. "कडता काढलाय काय, एवढं विचारायचं होतं. शेतकरी विचारतो. आडाणी शेतकरी पण पहिलं तेच विचारतो."

ते खरं होतं. डहाणूच्या चिकूवर मी तीन बातम्या केल्या होत्या. त्यातली एक कडत्यावर होती.

मित्र तलासरीला घरी आल्यावर मी त्याला हे सगळं सांगितलं. कागदावर आकडे मांडून, क्रमाने. त्याने शांतपणे ऐकलं. त्याची बायको तालुक्याच्या कचेरीत कारकून होती. ती दारात उभी राहून ऐकत होती. मापाड्याचा भाग आला तेव्हा मित्र हसलासुद्धा. "म्हणजे माझ्यातले आठ किलो सडका माल म्हणून काढले," तो म्हणाला.

त्याच्या बायकोने विचारलं, "डॉक्टर म्हणाले, पाठीला काही असतं तर मणका वाचला असता. तसलं मिळतं ना?"

"मिळतं," मी म्हणालो. "पण दहा किलोंत बसत नव्हतं. गुडघ्यासाठी मर्यादा होती."

"गुडघा वाचवायला पाठ उघडी ठेवली. आता दोन्ही गेलं. मग वाचवलं काय तुम्ही?"

"अगं, त्याने काय मुद्दाम केलं?" मित्र म्हणाला. "वजनाचा घोळ झाला."

मी ते तसंच राहू दिलं. त्या घरात आणि शाळेत अपघाताचं कारण म्हणून मापाडी कायम झाला. पुढच्या महिन्यात मी संपादकांना लेखाच्या दुरुस्तीसाठी फोन केला. मापाड्याचा किस्सा ऐकून ते म्हणाले, यावर छान ललित होईल, लिहा. तक्त्यातल्या हार्नेसविषयी दुरुस्ती छापा असं मी त्यांना म्हणालो नाही. दुरुस्ती आली नाही. ललितही मी लिहिलं नाही.

दोन वर्षं तो उडण्याची गोष्ट सोडत नव्हता. फिजिओथेरपीला वापीला जायचा, खुर्चीवर बसून शिकवायचा आणि मला फोनवर विचारायचा, मधली विंग आता किती हलकी झाली आहे. पाड्यावरच्या माणसांनी निरोप पाठवला होता की पिशवीही नेऊ आणि गुरुजींनाही नेऊ. २०१८ च्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी शेवटचं सांगितलं: पळत उतरणं आता कधीच नाही. त्याने मला फोन करून सामान विकायला काढायला सांगितलं.

घेणारा नाशिकहून आला, २०१९ च्या जानेवारीत. बारीक, तिशीचा, बँकेत नोकरीला. अडुसष्ट किलोंचा होता. त्याच्यासाठी विंग अगदी मापाची होती. त्याने स्वतःचा आकड्याचा काटा आणला होता आणि एकेक वस्तू त्याला टांगून तो बघत होता. विंग उन्हासमोर धरून त्याने शिवण तपासली. राखीव छत्रीची तारीख बघितली. मित्र खुर्चीत बसून त्याच्या प्रश्नांना उत्तरं देत होता. बायको कचेरीत गेली होती.

"हा हार्नेस राहू द्या," तो माणूस म्हणाला. "मला गादीवाला लागेल."

"गादीवाल्याने दहाच्या वर जातं," मित्र म्हणाला. "आम्ही सगळा हिशेब केला होता."

"दहाच्या वर?" त्याने काट्याकडे बघितलं, मनाशी बेरीज केली. "नाही हो. दोन लिटर पाणी धरलं तरी जेमतेम शंभर ग्रॅम वर. एक बाटली कमी न्यायची की झालं. तुम्ही पाणी किती नेत होता?"

"दोन लिटर," मी म्हणालो.

"एवढ्याशा टेकडीला?"

मित्र माझ्याकडे बघत नव्हता. तो हार्नेसकडे बघत होता.

"वर हातपंप आहे," तो म्हणाला. "माथ्याच्या अलीकडे, वरच्या पाड्यावर. मी तिथेच पाणी प्यायचो. तुझ्या बाटल्या दर वेळी भरलेल्या परत आणल्या मी." थोडं थांबून त्याने विचारलं, "शंभर ग्रॅम होते?"

"हो."

"तेव्हा माहीत होतं?"

"हो."

त्याने मान हलवली. नाशिकच्या माणसाला काय चाललं आहे ते कळलं नाही. त्याने विंग घडी घालायला घेतली आणि मित्राने त्याला दोऱ्या कोणत्या बाजूला ठेवायच्या ते सांगितलं, हळू, नीट, वर्गात सांगतात तसं. तो माणूस निघून गेल्यावर मी हार्नेस उचलून कुठे ठेवू असं विचारलं.

"तिथेच असू दे," तो म्हणाला. "ती आली की मी तिला दाखवीन. शंभर ग्रॅमचंही सांगेन. तू थांबू नकोस."

मी निघालो. तलासरीच्या नाक्यावर डहाणूची एसटी लागलेली होती. त्यानंतर त्याने मला फोन केला नाही.